पत्र्यावर ऊन पडलं की करंट मारतो. हा प्रकाशविद्युत परिणाम समजायचा का?

दळणकांडण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमची पिठाची गिरणी आहे, सातारा जिल्ह्यात. वडिलांनी घातलेली. भिंती विटांच्या, वर लाकडी वासे आणि त्यावर जीआयचे पत्रे. पुढच्या बाजूला छप्पर बरंच खाली उतरतं, दारातून पोतं खांद्यावर घेऊन आत येताना हात सहज पत्र्याच्या कडेला लागतो. तर गेल्या उन्हाळ्यापासून त्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. सकाळी काही नाही. रात्री काही नाही. ढगाळ दिवस असेल तर दिवसभर काही नाही. कडक ऊन असेल तेव्हाच, साधारण बारा ते चार.

मुलगी यंदा बारावीला आहे. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, जस्तावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आणि आपल्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो." म्हणजे बघा: इलेक्ट्रॉन गेले की पत्रा धन प्रभारित होणार, लाकडी वाशांमुळे त्याचा जमिनीशी संबंध नाही, प्रभार साठत राहणार, आणि हात लावला की झटका. मला तर हे तंतोतंत पटलं. बायकोला पटलं नाही. ती म्हणते, तसं असतं तर वाळत घातलेल्या भांड्यांनीही करंट मारला असता.

गिरणीच्या पट्ट्याजवळ हात नेला की केस उभे राहतात ते लहानपणापासून माहीत आहे, त्याची भीती नाही. हे वेगळं वाटतं. जाणकारांनी सांगावं, उन्हाने खरंच पत्रा असा भारला जातो का?

टवाळ

गिरणीच पत्र्याला जोडून टाका, लाइट बिल वाचेल. (हलकं घ्या.)

बाकी वहिनींचा भांड्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

जाईजुई

सोलर पॅनेल असंच चालतं ना? ऊन पडलं की वीज. मग पत्र्यातही थोडी तयार होत असेल.

वीजतंत्री

दळणकांडण, फिजिक्स नंतर बघू. पत्र्याला हात लावणं आजपासून बंद. गिऱ्हाइकांनाही सांगा, दारात दोरी बांधा.

मला दोन गोष्टी सांगा. एक, हात लावल्यावर एकच टिचकी बसते आणि संपतं, की हात ठेवाल तोवर झिणझिण्या चालूच राहतात? दुसरी, बारा ते चारच्या दरम्यान गिरणीत असं काय चालू असतं जे सकाळी नसतं?

दळणकांडण

चालूच राहतात. पायात रबरी चप्पल असते आणि खाली शहाबादी फरशी, म्हणून फार जोरात नाही बसत. एकदा अनवाणी होतो तेव्हा मात्र कोपरापर्यंत आलं होतं.

दुपारी वेगळं असं काही नाही हो. उलट दुपारी दळण कमीच असतं.

निवृत्त_मास्तर

वीजतंत्रींचं आधी ऐका. त्यांना काय सुचवायचंय ते माझ्या लक्षात आलंय आणि ते बरोबरच असणार. पण मुलीचा तर्क इतका सुंदर आहे की तो नेमका कुठे अडतो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ वर्षं अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं, पण जीआयच्या पत्र्यावरून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

गोष्ट १८८७ सालची, जर्मनीतल्या कार्ल्सरूहची. हाइनरिश हर्ट्झ रेडिओलहरींचे प्रयोग करत होता. लहरी आल्याची खूण काय, तर दोन गोळ्यांच्या फटीत उडणारी बारीकशी ठिणगी. ती नीट दिसावी म्हणून त्याने फटीभोवती अंधारी पेटी बसवली, तर ठिणगी आखूड झाली! पेटी काढली की पुन्हा लांब. मग मधे काच धरली, तरी आखूड. काचेऐवजी क्वार्ट्झ धरला, तर काही फरक नाही. म्हणजे पलीकडच्या मोठ्या ठिणगीतून असं काहीतरी येत होतं जे काच अडवते आणि क्वार्ट्झ अडवत नाही. ते होते जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट, यूव्ही) किरण. हर्ट्झने निरीक्षण लिहून ठेवलं आणि तो आपल्या कामाला लागला.

पुढच्याच वर्षी हालवाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने जस्ताची घासलेली पट्टी विद्युतदर्शीला (प्रभार असला की ज्याचं धातूचं पातळ पान फाकतं त्या उपकरणाला) जोडली. पट्टीला ऋण प्रभार दिला, तिच्यावर हे किरण सोडले, आणि विद्युतदर्शीचं पान भराभर मिटलं. धन प्रभार दिला तर पान हललं नाही. पाठ्यपुस्तकातलं जस्त ते हेच. आता नीट बघा, तिथे जे दिसलं ते आधीच भारलेली पट्टी रिकामी होणं. न भारलेली पट्टी प्रकाशाने भारली जाऊन पान फाकलं, असं नाही.

का? इलेक्ट्रॉन धातूतून सुटायला किमान ऊर्जा लागते, तिला वर्क फंक्शन म्हणतात. जस्तासाठी ती सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं इवलंसं एकक). जंतू मारायच्या नळीतून येणाऱ्या २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, ४.९ घेऊन येतो. ४.३ सुटण्यात गेले, उरले ०.६. ही इलेक्ट्रॉनच्या खिशातली शिल्लक. पहिला इलेक्ट्रॉन सहज गेला. पण प्रत्येक जाणाऱ्यामागे पट्टी थोडी अधिक धन होते आणि पुढच्याला मागे खेचते. विहिरीतून पोरं बाहेर येताहेत आणि प्रत्येकामागे कठड्यावर एक वीट चढतेय, असं समजा. पट्टी जेमतेम ०.६ व्होल्टला पोहोचली की ज्याच्या खिशात ०.६ च आहेत तो कठडा ओलांडू शकत नाही. संपला खेळ. दिवा दहापट मोठा लावा, ०.६ चे ६ होणार नाहीत. फक्त तिथवर लवकर पोहोचाल.

०.६ व्होल्ट म्हणजे किती? भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. कळशीएवढा, २० सेंटिमीटर व्यासाचा गोळा ०.६ व्होल्टला न्यायला सुमारे ४ कोटी इलेक्ट्रॉन काढावे लागतात. ऐकायला डोंगर वाटतो, पण विद्युतदर्शीच्या पानाला त्याचा पत्ताही लागत नाही. ते पान फाकायला शेकडो व्होल्ट लागतात, आणि कोरड्या हाताला टिचकी जाणवायला दोन-तीन हजार.

हे झालं स्वच्छ जस्त आणि खास दिवा असताना. तुमच्या छपरावर दिवा सूर्याचा. ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण २८८ नॅनोमीटर. याहून लांब लहरी जस्तासाठी बिनकामाच्या. आणि ओझोनमुळे सूर्यप्रकाशातलं साधारण २९०-२९५ च्या खालचं जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. अगदी थोडक्यात हुकतं! शिवाय जुन्या पत्र्यावर जो राखाडी थर चढतो ते शुद्ध जस्त नव्हे. त्यातूनही एखादा इलेक्ट्रॉन सुटलाच तर तो हवेत लांब जात नाही, लगेच ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि बऱ्याचदा परत पत्र्यावरच येतो.

जाईजुई, सोलर पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या बाहेर पडत नाही. आतल्या आत वरच्या पातळीवर जातो, त्याला १.१ च पुरतात. म्हणून ते साध्या उजेडावर चालतं. दोन्ही सख्खी भावंडं, पण घरं वेगळी.

शंकासुर

मास्तर, दंडवत. पण एक शंका. एका फोटॉनकडे ४.३ नसेल तर दोघांनी मिळून द्यावेत की. छपरावर उन्हाचे फोटॉन काय थोडे पडतात?

आणि जंबुपार काय, आता सगळे अतिनील म्हणतात.

निवृत्त_मास्तर

आम्ही जंबुपारच शिकलो, जंबुपारच शिकवलं. जांभळ्याच्या पलीकडचं ते जंबुपार, यात निळा आला कुठून?

शंका रास्त आहे, किंबहुना सगळी मेख तिथेच आहे. रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवतं का? लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे ते. त्यात रुपयाचं नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. आठ आण्याचं टाकलं तर ते खाली घरंगळून परत. दोन टाकली तरी दोन्ही परत, कारण यंत्र एकेका नाण्यापुरतंच बघायचं, मागच्याचा हिशोब ठेवायचं नाही. इलेक्ट्रॉन तसाच. आलेल्या फोटॉनची ऊर्जा पुरेशी नसेल तर ती क्षणात आजूबाजूला उष्णता होऊन विरते. दुसरा येईपर्यंत पाटी कोरी. म्हणून पत्रा तापतो, भारला जात नाही.

१९०२ मध्ये लेनार्डने मोजून दाखवलं की प्रकाश कितीही प्रखर केला तरी सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग वाढत नाही, फक्त संख्या वाढते. लहरींच्या हिशोबात हे बसेना. १९०५ मध्ये पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाईनने म्हटलं की प्रकाश पुडक्या-पुडक्यांनी येतो असं धरा, सगळं जुळतं. त्याचं १९२१ चं नोबेल याच कामाला आहे, सापेक्षतेला नव्हे. गंमत म्हणजे हे समीकरण ज्याने पक्कं केलं त्या मिलिकनचा या कल्पनेवर विश्वासच नव्हता. हवेने धातूवर थर चढतो म्हणून त्याने निर्वात नळीच्या आतच सुरी बसवली, बाहेरून चुंबकाने ती फिरवून सोडियमचा पृष्ठभाग ताजा तासायचा आणि लगेच मोजायचं. बरीच वर्षं खपून १९१६ मध्ये समीकरण तंतोतंत बरोबर निघालं, तरी पुडक्यांची कल्पना त्याला पटलेली नव्हतीच.

शंकासुर

नाण्याचं पटलं. पण लेझरचा झोत प्रचंड तीव्र केला तर दोन फोटॉन एकदम घेतले जातात, असं वाचलंय.

निवृत्त_मास्तर

घेतले जातात, बरोबर. दोन नाणी एकाच क्षणी खाचेत कोंबल्यासारखं. उन्हात ते शक्य नाही.

उचापतखोर

हा प्रयोग मी घरी केलाय, म्हणून लिहितो. विद्युतदर्शी विकतचा नव्हता. मुरंब्याची रुंद तोंडाची बरणी, झाकणात मेणात बसवलेली तांब्याची तार, तारेच्या खालच्या टोकाला चांदीच्या वर्खाची पट्टी. ॲल्युमिनियम फॉइलही चालतं, पण वर्ख फार हलका, चटकन फाकतो. वर तारेला जस्ताची पट्टी.

पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या मफलरवर घासला की ऋण भारतो. तो पट्टीला टेकवला, वर्ख फाकला. आता वॉटर प्युरिफायरची यूव्ही नळी वीतभर अंतरावरून लावली. काही नाही! दहा मिनिटं डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की पट्टी मळकी होती. पॉलिश पेपरने लख्ख घासली, पुन्हा भारली, आणि वर्ख आठ-दहा सेकंदांत मिटला. नुसता ठेवला तर तोच दोन-तीन मिनिटं फाकलेला राहत होता. मधे खिडकीची काच धरली तर मिटेना. हर्ट्झसाहेबाची काच ती हीच.

धन प्रभारासाठी: पाइप पट्टीजवळ धरायचा पण टेकवायचा नाही, पट्टीला क्षणभर बोट लावायचं, बोट काढायचं, मग पाइप लांब न्यायचा. आता पट्टीवर धन प्रभार उरतो. त्यावर नळी लावली तर वर्ख ढिम्म.

घासून अर्ध्या तासाने पुन्हा केलं तर वेग बराच उतरला होता. मास्तरांनी सांगितलेला थर!

सावधान: ती नळी उघड्या डोळ्यांनी बघायची नाही, हातावर घ्यायची नाही. मी वेल्डिंगचा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मुलांनी एकट्याने अजिबात करू नये. पावसाळ्यात करायला जाल तर हवेच्या ओलाव्याने वर्ख आपोआपच मिटेल, थंडीतली कोरडी सकाळ बघा.

जाईजुई

मग पट्ट्याजवळ केस उभे राहतात ते काय? तेही भारलं जाणंच ना?

निवृत्त_मास्तर

हो, पण तिथे प्रकाशाचा संबंध नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि सुटले की काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे राहतात. पट्टा पुलीवर टेकतो, सुटतो, मिनिटाला शेकडो वेळा. प्रत्येक फेरीला थोडा प्रभार उचलून नेतो. हजारो व्होल्ट सहज होतात, कारण इथे खिशातल्या ०.६ चा हिशोब नाही. वेगळे झालेले प्रभार पट्टा ओढून लांब नेतो, काम मोटर करते. व्हॅन डी ग्राफचं यंत्र म्हणजे याच पट्ट्याची थोरली आवृत्ती. व्होल्ट हजारो, पण साठा इवलासा, म्हणून एक टिचकी बसते आणि संपतं. वीजतंत्रींनी पहिल्याच प्रतिसादात नेमकं तेच विचारलं होतं.

वीजतंत्री

धन्यवाद मास्तर. अवांतर वाटेल, पण पट्ट्याच्या प्रभारालाही हलकं घेऊ नका. बंदिस्त जागेत पिठाचा धुरळा हवेत असताना ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. गिरणीची बॉडी, मोटर, हॉपर सगळं अर्थिंगला हवं.

दळणकांडण, दुपारी काय चालू असतं ते पुन्हा आठवा.

कृष्णविवर

उशिरा पोचलो. बंगळुरात उपग्रहांशी संबंधित काम करतो, त्यामुळे मुलीचा तर्क वाचून हसू नाही आलं, उलट बरं वाटलं. तिचा पत्रा फक्त चुकीच्या जागी आहे. हवा काढून टाका, ओझोन काढून टाका, म्हणजे पत्रा अवकाशात न्या. तिथे तिचं म्हणणं खरं होतं.

चंद्राच्या ऊन पडलेल्या बाजूच्या जमिनीवर ओझोनचं छत्र नाही. इलेक्ट्रॉन सुटतात आणि जमीन काही व्होल्ट धन होते. काहीच व्होल्ट, पण मास्तरांच्या ०.६ पेक्षा जास्त, कारण तिथे आणखी आखूड लहरी पोचतात. रात्रीच्या बाजूला मात्र आजूबाजूच्या प्लाझ्मातले (सुट्या प्रभारित कणांच्या विरळ वायूतले) इलेक्ट्रॉन येऊन बसतात आणि जमीन त्याहून कितीतरी जास्त ऋण होते. चंद्रयान-३ च्या विक्रमवर 'रंभा' नावाचं उपकरण होतं, त्याने दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात जमिनीलगतचा प्लाझ्मा मोजला: घनमीटरला ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन. म्हणजे अगदी विरळ.

उपग्रहाचंही तसंच. भूस्थिर कक्षेतला उपग्रह उन्हात असतो तोवर प्रकाशाने सुटणारे इलेक्ट्रॉन त्याला सांभाळतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास तो रोज काही वेळ, जास्तीत जास्त ७० एक मिनिटं, पृथ्वीच्या सावलीत जातो. ऊन गेलं की गळती थांबते, बाहेरचे इलेक्ट्रॉन येतच राहतात, आणि सौर वादळ चालू असेल तर सांगाडा हजारो व्होल्ट ऋण होऊ शकतो. दळणकांडण यांच्या पत्र्याच्या बरोबर उलट: ऊन असताना सुरक्षित, सावलीत धोका.

सगळ्यात आवडता किस्सा लिसा पाथफाइंडरचा. युरोपची मोहीम, डिसेंबर २०१५ मध्ये सुटली. आत सोनं-प्लॅटिनमचे दोन घन, ४६ मिलिमीटरचे, वजन दोन किलोच्या आसपास, कशालाही न टेकता तरंगते. विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) आदळून ते हळूहळू भारले जायचे, आणि भारले की आजूबाजूच्या भिंती त्यांना ओढणार, मोजमाप बिघडणार. तार लावून प्रभार काढावा तर स्पर्श झाला. मग काय केलं? पाऱ्याच्या दिव्याचा जंबुपार प्रकाश, तोच २५४ नॅनोमीटरचा, घनावर किंवा समोरच्या भिंतीवर टाकायचा. घनावर टाकला तर घनातले इलेक्ट्रॉन निघतात, भिंतीवर टाकला तर भिंतीतले सुटून घनावर येतात. हवा तसा प्रभार कमी-जास्त. हालवाक्सची पट्टी, सव्वाशे वर्षांनी, १५ लाख किलोमीटरवर.

टवाळ

प्युरिफायरची नळी आणि अवकाशयान एकाच धाग्यात. हा धागा मी बुकमार्क करतोय, आणि हे मी गंभीरपणे लिहितोय.

दळणकांडण

मंडळी, उलगडा झाला. लिहायलाही लाज वाटतेय.

एक्झॉस्ट फॅन. दुपारी उकडायला लागलं की लावतो. ढगाळ असलं की लावत नाही. सकाळी, रात्री प्रश्नच नाही. मला तो 'चालू असणाऱ्या' गोष्टींत आठवलाच नाही, कारण आमच्याकडे चालू म्हणजे गिरणी चालू.

काल गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने फॅन लावून टेस्टर धरला, मंद पेटला. वीजतंत्री, तुम्ही व्यनित (खासगी निरोपात) लिहिलं होतं की टेस्टर जवळच्या वायरच्या प्रभावानेही पेटतो, मीटर लावा. मीटर लावला तर पत्रा आणि अर्थिंगमध्ये १४० व्होल्ट. फॅन बंद केला, शून्य. फॅनची वायर वाशावरून पत्र्याच्या पन्हाळीतून नेलेली होती. उन्हाने वरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलेलं, आणि पत्रा ठोकायच्या एका खिळ्याच्या टोकाला आतली तांब्याची तार टेकत होती. मधे पिठाचा थर, म्हणून पूर्ण नाही, अर्धवट. लाकडी वाशांमुळे प्रवाहाला जमिनीकडे वाटच नव्हती, ती वाट मी होत होतो.

म्हणजे मुलीचा तो एक मुद्दा खराच निघाला, लाकडामुळे पत्रा जमिनीपासून तुटलेला होता. बाकीचं सगळं फॅनचं.

वीजतंत्री

लाज कसली, वेळेत विचारलंत. त्या दारातून जुलैत ओल्या पायांनी कुणी पोतं घेऊन आलं असतं तर हा धागा वेगळाच झाला असता.

वायर बदलून पाइपातून न्या, पत्र्याला चिकटवून नाही. पत्र्याला स्वतंत्र अर्थिंगची पट्टी जोडा, लाकूड आहे म्हणून तर नक्कीच. आणि मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. गळती झाली की तो हात लागायच्या आतच पडतो.

दळणकांडण

वायर आजच बदलली. आरसीसीबी सोमवारी येतोय.

मुलगी नाराज आहे. म्हणते, माझं बरोबर होतं, फक्त चंद्रावर. कृष्णविवर यांचा प्रतिसाद तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलाय. आता ती उचापतखोर यांच्यासारखी बरणी करणार म्हणतेय, दिवाळीनंतर थंडी पडली की, माझ्या देखरेखीखाली. जीआयच्या पत्र्याचा तुकडा आहे, घासून चालेल का?

उचापतखोर

चालेल, पण हलक्या हाताने घासा. मुलामा अगदी पातळ असतो, खाली लोखंड लागलं तर पुन्हा नवा तुकडा. नाहीतर टॉर्चच्या जुन्या, संपलेल्या साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचंच असतं. अल्कलाइन सेल नको. मोठ्या माणसाने हातमोजे घालून कापायचं, आतली काळी पूड काढून डबडं धुऊन घ्यायचं.

जाईजुई

आणि वर्ख कुठे मिळतो?

उचापतखोर

मिठाईवाल्याकडे मागा. कागदात घडी घालून देतो. घरी येईपर्यंत उघडू नका, श्वासानेही उडतो. माझे पहिले तीन तसेच गेले.